दहा मिनिटांत बरं झालं, म्हणून गप्प बसू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रेल्वे लाइनीलगतच्या आपल्या एका वस्तीतल्या मावशी सकाळी चहा ओतत होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. अचानक उजव्या हातातला कप निसटला. सुनेनं वळून पाहिलं, तर सासूबाईंचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं. काय झालं म्हणून विचारलं, तर जीभ वळत नव्हती. शेजारच्या बाया धावल्या. कुणी पाणी पाजलं, कुणी तळपाय चोळले, कुणी मीठ-मिरची ओवाळून टाकली. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. हात उचलला, बोलणं आलं. “काही नाही गं, वारं येऊन गेलं,” असं म्हणत मावशींनी पदर खोचला आणि त्या कामावर गेल्या. खाडा केला की पैसे कापतात, आणि त्या महिन्यात आधीच दोन खाडे झाले होते.

चौथ्या दिवशी पहाटे त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही. उजवं अंग लुळं पडलं होतं, बोलणं गेलं होतं. आज त्या खाटेवर आहेत. त्यांचं करण्यासाठी सुनेनं स्वतःची कामं सोडली. सून बाहेर गेली की नात घरी थांबते, तेव्हा तिची शाळा बुडते. झटका एका बाईला आला, पण मोडली तीन बायकांची आयुष्यं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की, कप पडला त्याच दिवशी मावशी मोठ्या दवाखान्यात गेल्या असत्या, तर हे टळण्याची मोठी शक्यता होती. दहा मिनिटांत बरं झालं ही सुटका नव्हती, ती नोटीस होती. आपल्या वस्त्यांमध्ये ही नोटीस वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्यांच्यापर्यंत ती वेळेत पोचत नाही. दोन्ही गोष्टी बदलता येतात. म्हणून हा लेख.

हे नेमकं काय असतं?

मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली की मेंदूचा तेवढा भाग उपाशी पडतो. तो भाग ज्या हाताला, पायाला किंवा जिभेला चालवतो ते अवयव बंद पडतात. यालाच आपण लकवा, पॅरालिसिस, पक्षाघात किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. हा हृदयाचा अटॅक नव्हे आणि फिट येणंही नव्हे. ही मेंदूची गोष्ट आहे.

कधीकधी ती गुठळी छोटी असते. ती थोड्या वेळानं विरघळते किंवा पुढे सरकते, रक्त पुन्हा वाहू लागतं आणि माणूस पूर्ववत होतो. याला डॉक्टर टीआयए म्हणतात, बोलीत मिनी स्ट्रोक म्हणजे छोटा झटका. बहुतेक वेळा तो काही मिनिटांत ओसरतो, क्वचित काही तास टिकतो.

वस्तीतल्या नळाचं उदाहरण घ्या. पाइपात कचरा अडकला, धार थांबली. थोड्या वेळानं कचरा निघून गेला, धार पुन्हा सुरू झाली. आपण हंडा भरला आणि विसरलो. पण कचरा जिथून येतो ती जागा तशीच आहे. उद्या मोठा गोळा येईल आणि तो निघणार नाही. छोट्या झटक्याचंही असंच असतं. गुठळी गेली, पण गुठळी तयार करणारं कारण शरीरात तसंच बसलेलं असतं. वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखूनं खराब झालेल्या रक्तवाहिन्या, मानेतल्या नळीत साचलेली चरबी किंवा हृदयाचे अनियमित ठोके, यांपैकी काहीतरी.

छोटा झटका आल्यावर उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या साधारण दहा जणांना पुढच्या तीन महिन्यांत मोठा झटका येतो, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. म्हणून ‘रविवारी सुट्टी आहे, तेव्हा दाखवू’ हे चालत नाही. धोका सगळ्यात जास्त असतो तो आज आणि उद्या.

ओळखायचं कसं?

सगळ्यात मोठी खूण म्हणजे ‘अचानक’. हळूहळू महिनाभर हात दुखणं वेगळं, आणि आत्ता बरा असलेला हात पुढच्या क्षणी गळून पडणं वेगळं. या गोष्टी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांनाही शिकवून ठेवा :

तोंड : हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळली का? पाणी पिताना एका बाजूनं गळतंय का?

हात : दोन्ही हात समोर सरळ उचलून डोळे मिटायला सांगा. एक हात खाली येतोय का? पाय ओढला जातोय का? चप्पल पायातून आपोआप निसटतेय का?

बोलणं : ‘आज वार कोणता?’ असं साधं विचारा. जीभ जड झाली, शब्द सापडत नाहीत, भलतंच बोलतात किंवा आपण बोललेलं समजत नाही, असं आहे का?

डोळे : एका डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखा अंधार आला का? एकाची दोन माणसं दिसतात का?

तोल : दारू न पिता अचानक झोकांड्या जातात का? चालताच येत नाही असं झालंय का?

यातलं एक जरी लक्षण दिसलं, अगदी पाच मिनिटांसाठी दिसलं, तरी निघा. नुसती चक्कर, झोपेत हातावर भार पडून आलेल्या मुंग्या, अर्धशिशी, साखर एकदम कमी होणं यांतही थोडंफार असंच दिसू शकतं. पण हे नक्की काय आहे, ते शेजारणीनं, मेडिकलवाल्यानं किंवा देवऋषीनं ठरवायचं नाही. तपासणी ते ठरवेल. फेरी फुकट गेली, तर एक दिवस गेला. नाही गेलो, तर अर्धं अंग जाईल.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं आहे, असं समजू नका. पस्तिशी-चाळिशीतले रिक्षावाले आणि बिगारी काम करणारे भाऊ यात सापडलेले आम्ही पाहिले आहेत. लहानपणी सांधे सुजून ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेल्या तरुण मुलींनाही हा धोका असतो.

त्या वेळी काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ पाहा. माणूस शेवटचा व्यवस्थित कधी होता, ती वेळ कागदावर किंवा मोबाइलवर लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली, तर रात्री झोपताना किती वाजले होते ते लिहा. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठी नळी बंद पडली असेल, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. मोठ्या लेकाला कामावरून बोलावून घेऊ, मग जाऊ, यात अर्धा तास गेला तर काय गेलं, ते आता तुम्हीच मोजा.

दुसरी गोष्ट, १०८ नंबर फिरवा आणि ‘लकव्याची लक्षणं आहेत’ असं स्पष्ट सांगा. ही गाडी मोफत आहे. आपल्या बोळात गाडी येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून दोघांनी रुग्णाला खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत आणायचं. गाडीला उशीर होणार असेल, तर रिक्षा करा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर कुशीवर वळवून ठेवा.

तिसरी गोष्ट, जिथे सीटी स्कॅनची सोय दिवसरात्र आहे अशाच मोठ्या रुग्णालयात जा. सरकारीत पुण्यासाठी ते म्हणजे ससून. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाइन लावून दोन तास झोपवून ठेवणं म्हणजे इंजेक्शनची वेळ हातानं घालवणं.

काय करायचं नाही, तेही ऐका. पाणी, चहा, साखर, काहीही तोंडात घालू नका, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घरात असलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. लकवा गुठळीनंही होतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊनही होतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात आणि फरक फक्त स्कॅनमध्ये कळतो. रक्तस्राव असेल, तर तीच गोळी जीव घेऊ शकते.

आणि दवाखान्याच्या वाटेवर सगळं बरं झालं, तर? तरीही परत फिरू नका. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

जोतिबांचा उजवा हात

आपल्या पुण्यातलीच एक आठवण इथे सांगायला हवी. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेनं जोतिरावांना महात्मा म्हणून गौरवलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्या हातानं ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं, तो उजवा हात लुळा पडला. जोतिबा थांबले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये. ते पाहायला जोतिबा नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यातल्या आपल्या घरी त्यांनी देह ठेवला होता.

डाव्या हाताच्या त्या जिद्दीवर आपण दरवर्षी भाषणं ऐकतो, आणि ती ऐकायलाच हवीत. पण परिचारिका म्हणून आमच्या मनात वेगळाच विचार येतो. त्यांच्यावर उपचार करायला डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखे नामवंत डॉक्टर आणि मित्र होते. शुश्रूषेला सावित्रीमाई होत्या. माया होती, ज्ञान होतं. नव्हतं काय? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र नव्हतं, ते आलं १८९६ मध्ये. अ‍ॅस्पिरिनची गोळी नव्हती, ती बाजारात आली १८९९ मध्ये. सीटी स्कॅन तर १९७० नंतरचा. जोतिबांचा झटका टाळण्यासाठी त्या काळच्या वैद्यकाकडे कोणतंही साधन नव्हतं.

आज गंज पेठेतल्या फुले वाड्यातून निघालं, तर महापालिकेचा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि ससून रिक्षानं काही मिनिटांवर आहे. यंत्र आहे, गोळी आहे, स्कॅन आहे. मग जोतिबांच्या नावानं शपथ घेणाऱ्या वस्त्यांतली माणसं अजूनही १८८८ सालासारखी का आडवी पडतात? आम्हाला अस्वस्थ करणारा प्रश्न हा आहे.

‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणजे काय?

समजा, आपण वेळेत गेलो. स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, “सीटी नॉर्मल आहे, घरी न्या, पंधरा दिवसांनी ओपीडीला दाखवा.” घरच्यांनी सुस्कारा सोडला. इथेच दुसरी चूक होते.

छोट्या झटक्यात सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. रक्तस्राव नाही, मोठी इजा नाही, एवढंच तो सांगतो. गुठळी कुठून आली, ते तो सांगत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

हे लिहिताना आम्ही स्वतःला बाजूला काढत नाही. वॉर्डात नोकरी करत होतो, तेव्हा अशा कितीतरी रुग्णांच्या हातात कागद ठेवून आम्हीही “पंधरा दिवसांनी या” एवढंच म्हटलं आहे. पुढे रांग उभी असायची. त्या कागदावर काय लिहिलंय, हे मराठीत समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती आम्ही दिली नाहीत. ती माणसं पुन्हा आली की नाही, हेही कधी पाहिलं नाही. वस्तीत काम सुरू केलं, तेव्हा त्यांतली काही खाटेवर सापडली. तेव्हा कळलं की रजिस्टरमध्ये ‘बरा होऊन घरी’ लिहिलेला माणूस बरा झालेला नसतो.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरात याचा नीट अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या पद्धतीत छोटा झटका आलेल्याला तारीख घेऊन यावं लागायचं, आणि पहिलं औषध हातात पडायला साधारण २० दिवस जायचे. तेव्हा शंभरातल्या दहा जणांना तीन महिन्यांत पुन्हा झटका यायचा. मग पद्धत बदलली. तारीख नाही, लगेच तपासणी, आणि औषध एका दिवसात सुरू. त्यानंतर हे प्रमाण शंभरात दोनवर आलं. औषधं नवी नव्हती, साधीच होती. ती फक्त लगेच सुरू झाली.

म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी हे प्रश्न विचारायचेच. भीड धरू नका, हा आपला हक्क आहे :

१. हा टीआयए होता का? तसं कागदावर लिहून द्या.

२. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल किती आहे?

३. ईसीजी झाला का? ठोके अनियमित आहेत का? हृदयाची सोनोग्राफी लागेल का?

४. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, कधी होणार? नळी फारच अरुंद झाली असेल, तर ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत केल्याचा फायदा जास्त असतो. म्हणून ही तपासणी महिन्यावर ढकलू देऊ नका.

५. गोळ्या कोणत्या, किती दिवस, आणि त्यांतली आजपासून सुरू करायची कोणती?

डॉक्टर साधारणपणे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्तदाबाची गोळी देतात. काहींना सुरुवातीचे तीन आठवडे गुठळीसाठी दोन गोळ्या असतात, मग एकच राहते. ठोके अनियमित असतील, तर औषध वेगळं असतं. कोणाला काय, ते डॉक्टर ठरवतील. आपलं काम गोळी न चुकवण्याचं. रक्तदाब १४०/९० च्या वर राहत असेल, तर तो वाढलेला समजतात. झटका येऊन गेलेल्याचा शक्यतो १३०/८० च्या आत ठेवायचा असतो. आणि रक्तदाबाची गोळी ही तापाच्या गोळीसारखी नसते. बरं वाटतं ते गोळीमुळेच. गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो आणि चढताना आवाज करत नाही.

गोळी का सुटते?

‘आपल्या लोकांना आरोग्याची किंमतच नाही’ असं बोलणारे बरेच भेटतात. आपल्यातलेही, चार बुकं शिकून सोसायटीत राहायला गेलेले. आम्हाला हे मान्य नाही. माणूस मूर्ख असतो म्हणून गोळी सुटत नाही. केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, डॉक्टर भेटेपर्यंत दुपार होते, औषधाच्या खिडकीवर ‘ही गोळी संपली, बाहेरून घ्या’ असं ऐकावं लागतं, आणि एवढं करून दिवसाचा रोज बुडतो. दर महिन्याला दोन खाडे पडणार असतील, तर धुणीभांडीवाली बाई गोळी निवडेल की काम? तिचा हिशेब चुकीचा नाही. तिच्यापुढे ठेवलेला पर्यायच चुकीचा आहे.

सरकारचा हिशेब मात्र नक्कीच चुकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दाखल रुग्णाच्या उपचारांवर मोठा पैसा खर्च होतो. तो व्हायलाच हवा, योजना आपल्या हक्काची आहे. पण दाखल होण्याची वेळच येऊ नये, म्हणून रोज लागणारी स्वस्त गोळी वस्तीजवळच्या दवाखान्यात बारा महिने मिळेल, याची हमी कुणी देत नाही. हात लुळा झाल्यावर योजना, पण हात शाबूत आहे तोवर रांग, असा हा उलटा कारभार आहे.

यावर उपाय नाही असंही नाही. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची रीत साधी आहे : ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्यांचा पुरेसा साठा, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो तारखेला आला नाही त्याचा शोध. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, असाही सरकारी कार्यक्रम आहे. म्हणजे धोरण कागदावर आहे. ते आपल्या बोळापर्यंत यायचं बाकी आहे.

म्हणून पुणे महापालिकेकडे आपण एकत्र मागणी करू या. एक, वस्त्यांजवळच्या दवाखान्यांत आठवड्यातून निदान दोन दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत रक्तदाब-साखरेची ओपीडी चालवा, म्हणजे खाडा न करता जाता येईल. दोन, गोळ्या एकदम दोन-तीन महिन्यांच्या द्या. तीन, ज्याला छोटा झटका येऊन गेला त्याचं नाव मोठ्या रुग्णालयातून वस्तीच्या आरोग्य केंद्राला कळवा आणि आशाताईला आठवडाभरात त्याच्या घरी पाठवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, इच्छा लागते.

तोवर जे आहे ते वापरा. बाहेरून गोळी घ्यावीच लागली, तर जनऔषधी केंद्रातून घ्या, तिथे ती बरीच स्वस्त मिळते. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा. वस्तीतल्या आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, तिचं कार्ड दुखणं येण्याआधीच काढून ठेवा. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. जिवावरचा प्रसंग असेल, तर अनामत न मागता उपचार सुरू करावे लागतात. अडवलं, तर तिथल्या समाजसेवा विभागात जा आणि नकार लेखी मागा.

घरात आणि विहारात

काही गोष्टी मात्र सरकारच्या हातात नाहीत, आपल्या हातात आहेत. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांसमोर घेतली. पंचशीलातलं पाचवं शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. पण तंबाखू, गुटखा, विडी, आणि मायबहिणींनो, सकाळची ती मिशरी? तिला आपण व्यसनात धरतच नाही. रक्तवाहिन्या मात्र धरतात. जेवणात वरून मीठ, पापड, लोणचं आणि खारवलेली सुकी मासळी रोज नको. रक्तदाबाचा आणि मिठाचा जवळचा संबंध आहे.

आणि अंगारे-धुपारे? लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे, मंत्र टाकणारे, दोरा बांधणारे यांच्याकडे आपली माणसं अजूनही जातात. छोटा झटका आपोआप ओसरतो, त्याचं श्रेय या लोकांना मिळतं, आणि मोठा झटका आला की ‘उशिरा आणलं’ म्हणून ते मोकळे होतात. तथागतांनी दुःख सांगितलं, दुःखाचं कारण सांगितलं, कारण दूर करता येतं हे सांगितलं आणि त्याचा मार्गही सांगितला. दोऱ्यात यातलं काय आहे?

तथागतांचीच आणखी एक गोष्ट. अतिसारानं लोळागोळा होऊन पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी पाहत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः त्याला धुतलं, उचलून नीट निजवलं आणि संघाला सांगितलं की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करायची आहे. आपलं विहार याच कामाचं आहे. म्हणून आमचा आग्रह आहे की, प्रत्येक विहारात दंडाला बांधायचं रक्तदाबाचं एक चांगलं यंत्र आणि एक वही असावी. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो, त्याच्या एका लहानशा भागात हे येतं. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तीस वर्षांवरील प्रत्येकाचा दाब मोजायचा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं, चहा-तंबाखू नको, हात छातीच्या पातळीला. आकडा वहीत लिहायचा. ज्याचा दाब चढलेला आहे तो पुढच्या पौर्णिमेला आला नाही, तर त्याच्या घरी दोघांनी जायचं. दवाखान्यात जाताना एकट्या बाईबरोबर महिला मंडळातली एकजण जाईल, तिच्या कामावर त्या दिवशी दुसरी जाईल. हे ठरवायला एक बैठक पुरते.

२९ ऑक्टोबर हा जागतिक स्ट्रोक दिन असतो आणि २८ नोव्हेंबर हा जोतिबांचा स्मृतिदिन. या वर्षी या दोन तारखांच्या मधल्या महिन्यात आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात यंत्र पोचलं पाहिजे. स्मृतिदिनी फुले वाड्यावर हार घालायला आपण जाऊच. पण सोबत ती वही असली, तर जोतिबांपुढे मान वर करून उभं राहता येईल.

पहिल्या परिच्छेदातल्या मावशी आता डाव्या हातानं जेवायला शिकल्या आहेत. बोलणं मात्र आलेलं नाही. आम्ही गेलो की त्या डाव्या हातानं ओट्याकडे बोट दाखवतात. तिथे कपबशा मांडलेल्या असतात. त्यांना काय सांगायचंय ते आम्हाला कळतं. ते तुमच्या घरी सांगण्यासाठीच हे लिहिलं आहे.

कप हातातून पडला, तर फरशी नंतर पुसा. आधी दवाखाना गाठा.

जय भीम. नमो बुद्धाय.